निव्वळ दोन

काटेवाल्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता कोणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, लेक 'बाबा' म्हणते आणि उरलेलं सगळं जग त्यांना काटेवाले म्हणतं. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. वाण्याचे, औषधवाल्याचे, भंगारवाल्याचे, गिरणीतले वजनकाटे तपासायचे, बिघडले असले तर दुरुस्त करायचे, आणि बरोबर झाले की शिक्का मारून पुढच्या दुकानात जायचं. त्यांच्याजवळ पितळी वजनांची एक पेटी होती. ती वजनं बोटाने उचलायची नाहीत, रुमालाने उचलायची, कारण बोटाच्या घामानेही फरक पडतो. एका दुकानदाराने एकदा त्यातलं एक वजन सरळ मुठीत धरलं, तर काटेवाले त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. दुकानदाराला ते कळलंच नाही म्हणा, कारण एरवीही ते फारसे बोलत नसत.

कामाची पद्धत ठरलेली. आधी रिकामं पारडं, काटा शून्यावर आहे ना ते पाहायचं. मग धडा. तेल, मध, रंग असला माल बरणीसकट तोलतात, तेव्हा बरणीचं वजन आधी वगळावं लागतं. म्हणून दुसऱ्या पारड्यात बरणीइतकंच वजन घालून काटा मधोमध आणायचा, याला धडा करणं म्हणतात. त्यानंतर भरेल ते निव्वळ. ज्याने धडा न करता तेल दिलं त्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यात बरणी मारली, असं त्यांचं सरळ मत होतं, आणि या बाबतीत ते कोणाची गय करत नसत.

चार वर्षांपूर्वी एका खडी-वाळूच्या आवारात ट्रक तोलायचा मोठा काटा तपासताना ते त्याच्या खड्ड्यात पडले. खड्ड्यावरचा पत्रा त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता, आणि सुई नीट दिसावी म्हणून स्वतःच दोन पावलं मागे सरकले होते. त्यामुळे दोष द्यायलाही कोणी सापडेना. कण्याला मार लागला, आतल्या मज्जारज्जूला लागला. जीव वाचला आणि पाय गेले.

पाय गेले म्हणजे कुठे गेले नाहीत, तिथेच होते. टाचणी टोचली तर कळत नव्हती, बोटं हलत नव्हती, पण तळव्यापासून मांडीपर्यंत आग मात्र चोवीस तास पेटलेली. ज्या पायांना काही कळत नाही ते पाय भाजतात कसे, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच डॉक्टरला विचारला होता. डॉक्टर म्हणाले की तार तुटली की कधी कधी घंटा आपोआप वाजत राहते. त्यातून कमरेभोवती चार बोटं रुंदीचा एक पट्टा असा होता की तिथे सदऱ्याची कड जरी घासली तरी माणूस घामाने निथळून जावा. गादी हलली की तो पट्टा पेटायचा. कोणी पलंगाच्या कडेला टेकलं तरी पेटायचा.

दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे एक पट्टी ठेवली. शून्य ते दहा. आज किती दुखतंय, बोट ठेवा.

"याचं शून्य कुठे तपासलंय?" काटेवाल्यांनी विचारलं.

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही," परिचारिका म्हणाली.

"आणि दहा?"

"तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात वाईट दुखणं."

"कल्पना म्हणजे काही वजन नाही, बाई. माझी कल्पना वेगळी, तुमची वेगळी. मग हा काटा जुळवला कशाशी?"

परिचारिकेने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काका, आकडा सांगा." काटेवाल्यांनी डोळे मिटले, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि सांगितलं, "दोन." तिने दोन लिहिलं. त्यानंतर चार वर्षं जो जो विचारेल त्याला ते तेवढंच सांगत राहिले. फार वाईट दिवस असला तर तीन. दोनवाल्या माणसाला कोण जालीम औषध देणार? डॉक्टरांनी साध्या गोळ्या दिल्या आणि वरून कौतुक केलं की मनाने भक्कम आहात. काटेवाले भक्कमपणे गोळ्या घेऊन घरी आले.

बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसते. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती?" आतून उत्तर यायचं, "दोन." मग ती आत येऊन पलंगावर टेकायची, दिवसभराचं काहीबाही सांगायला तोंड उघडायची, आणि काटेवाले तिच्यावर खेकसायचे, "ऊठ गादीवरून." बरं, खेकसणं म्हणजे कसं, शेजारची भिंत ऐकेल असं. पहिल्या वर्षी ती उठून खुर्चीवर बसायची. दुसऱ्या वर्षी दारातूनच बोलायला लागली. तिसऱ्या वर्षी तिने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. काटेवाल्यांनी कारण विचारलं नाही. बाहेर वारा जास्त लागतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. बाहेरच्या खोलीला खिडकी नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर त्यांना चालण्याबिलण्याची आस राहिली नव्हती. तो नाद त्यांनी पहिल्याच वर्षी सोडला. त्यांना एवढंच हवं होतं की बायकोने येऊन पलंगावर बसावं आणि त्यांच्या तोंडून ओरडा निघू नये. पण हे बोलून दाखवायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं. तीस वर्षं काट्यांशी बोललेला माणूस, त्याला असलं बोलायची सवय कुठून असणार.

अशात मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो, आणि जगात अशुद्ध पाणी सोडून दुसरा रोग नाही असं समजतो. त्याने एक गुळगुळीत पत्रक आणलं. कुठल्याशा खासगी दवाखान्याचं. त्यावर एक गोरागोमटा माणूस व्हीलचेअर ढकलून देऊन पळत सुटला होता. स्टेम सेल, म्हणजे म्हणे मूळ पेशी. एक इंजेक्शन, आणि शंभर टक्के फरक.

"भाऊजी, डोळे झाकून घ्या," मेहुणा म्हणाला. "शरीरात बी पेरल्यासारखं आहे. जिथे तुटलंय तिथे उगवतं."

काटेवाल्यांनी डोळे झाकले नाहीत. पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाज होता.

"किती जणांना दिलंत?" काटेवाल्यांनी विचारलं.

"हजारो समाधानी रुग्ण आहेत, सर."

"समाधान कशावर तोललं?"

"म्हणजे, सर?"

"देण्याआधी किती होतं आणि दिल्यावर किती झालं, ते लिहिलेलं आहे का?"

गोड आवाज म्हणाला की तुम्ही एकदा प्रत्यक्ष येऊन भेटा, आधी नोंदणीची रक्कम तेवढी भरा. काटेवाल्यांनी फोन ठेवला आणि पत्रक मेहुण्याला परत दिलं. मेहुण्याने नाक मुरडलं. असल्या शंकेखोर माणसाला देवही बरं करणार नाही, असं तो बहिणीला स्वयंपाकघरात सांगून गेला.

पण गोष्ट डोक्यात राहिली. पुढच्या तपासणीला त्यांनी मोठ्या इस्पितळातल्या मणक्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे मूळ पेशींचं खरं की थापा? बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, पत्रकवाल्यांच्या नादी लागू नका, त्यांच्याजवळ कसलाही पुरावा नाही. मात्र आमच्याकडे एक चाचणी सुरू होतेय. तुमच्याच कमरेच्या हाडातून थोडा मगज, म्हणजे अस्थिमज्जा, काढायचा, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि पाठीतून मणक्याच्या पाण्यात सोडायच्या. बारा जण घेणार. पाय चालू होण्यासाठी हे नाहीच, फक्त दुखण्यासाठी आहे.

"दुखणं जाईल?"

"माहीत नाही."

"कमी होईल?"

"तेही माहीत नाही. तेच मोजायला चाचणी आहे."

काटेवाले चार वर्षांत पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरवर खूश झाले. घरी येताना त्यांनी रिक्षात बायकोला सांगितलं की ही बाई कामाची आहे, तिला काही माहीत नाही. बायको रिक्षाबाहेर बघत "हं" म्हणाली.

चाचणीत शिरायला एक अट होती. पंधरा दिवस एक वही भरायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ दुखण्याचा आकडा लिहायचा आणि त्याची सरासरी निदान पाच यायला हवी, कारण मुळात कमी दुखत असेल तर कमी झालेलं दिसणार कसं? पण ही अट आधी कोणालाही सांगत नसत, नाहीतर लोक आकडे फुगवतात. काटेवाल्यांनी वही घेतली, पहिल्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पंधरा दिवस घड्याळ लावून भरली. दोन, दोन, दोन, तीन, दोन. एका दुपारी दीड.

बाराव्या दिवशी मेहुणा आला आणि त्याने वही उघडून पाहिली. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भाऊजी, दोन? अहो, दोनला कोण विचारतं? दात दुखला तरी माणूस चार सांगतो. आठ लिहा, आठ. कोण बघायला येतंय तुमच्या पाठीत?"

काटेवाल्यांचा चेहरा लाल झाला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी घरच्या माणसाला दार दाखवलं. तीस वर्षं खोटा काटा सापडला की आपण शिक्का नाकारला, आणि आता आपल्याच पाठीचं वजन खोटं लिहायचं? मेहुणा पायात चपला अडकवत म्हणाला, "लिहू नका. बसा मग दोनवर." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भावाच्या बाजूने बोलली नाही, नवऱ्याच्याही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "खरंच दोन आहे तर उगाच कशाला इंजेक्शनं घ्यायची? दोन म्हणजे तर काहीच नाही."

सोळाव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. नोंदी ठेवणारी एक तरुण मुलगी होती, तिला सगळे नोंदवाली म्हणत. ती म्हणाली, काका, सरासरी दोन पूर्णांक एक आली, पाच हवी होती, तुम्ही चाचणीत बसत नाही. शेवटची तपासणी आणि सही तेवढी राहिलीय, उद्या येऊन जा. काटेवाले "बरं" म्हणाले. नियम बरोबरच होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वाईट वाटलं, भरपूर वाटलं. बायको दारातून म्हणाली, "जाऊ द्या, तुमचं तर कमीच आहे," आणि तिच्या त्या बोलण्याने त्यांना आणखी वाईट वाटलं.

तपासणीची खोली लहान होती. एक उंच पलंग, कोपऱ्यात टेबल, टेबलाशी नोंदवाली, आणि दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर फाइल घेऊन बायको. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि पोटापासून खाली हलकेच फिरवत आल्या. "इथे कळतंय? इथे?" कमरेच्या पट्ट्याला बोळा लागला. काटेवाल्यांनी पलंगाची कड धरली. बोटं पांढरी पडली, कपाळावर घाम आला, दातावर दात घट्ट बसले. आवाज मात्र निघाला नाही.

बाईंनी हात मागे घेतला. त्यांनी काटेवाल्यांच्या बोटांकडे बघितलं.

"आत्ता हे किती होतं?"

"हे?" काटेवाले दम घेत म्हणाले. "हे साडेनऊ."

"आणि बोळा लावायच्या आधी, तुम्ही नुसते पडला होतात तेव्हा?"

"तेव्हा आठ."

नोंदवालीने मान वर केली. "काका, आज सकाळी वहीत तुम्ही दोन लिहिलंय."

"हो. निव्वळ दोन." काटेवाल्यांना तिच्या अज्ञानाची कीव आली. "पायाची आग आहे ती कायमची आहे, कमी नाही जास्त नाही. ती सहा. ती माझी बरणी झाली. ती कशाला सारखी सारखी तोलायची? तिचा धडा केला, की वर भरेल ते निव्वळ. बरणीसकट वजन सांगितलं तर ती फसवणूक होईल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"चार वर्षं तुम्ही सगळ्यांना सहा वजा करून सांगताय?"

"विचारलं असतं तर बरणीचं पण सांगितलं असतं," काटेवाले म्हणाले. "कोणी विचारलं नाही."

दाराजवळ फाइल खाली पडली. बायकोने वाकून कागद गोळा केले, पुन्हा फाइलमध्ये घातले आणि परत स्टुलावर बसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

आता झाली पंचाईत. माणूस आधी दोन लिहितो, पाचाची अट कळते, आणि दुसऱ्याच दिवशी आठ सांगतो. चाचणीवर देखरेख करणारी एक समिती होती, तिच्यातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने सरळ विचारलं की या गृहस्थांनी आपल्याला वेड्यात काढायचं ठरवलंय का. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे काटे पकडले, तोच आता खोटा ठरायची वेळ आली. काटेवाल्यांना हे फोनवर कळलं तेव्हा दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. नोंदवालीने मात्र वही पुन्हा काढली आणि पहिलं पान बघितलं. तिथे नाव-पत्ता लिहायचा असतो, म्हणून ते आधी कोणी वाचलंच नव्हतं. नाव-पत्त्याच्या खाली, वही मिळाल्याच्या तारखेनिशी, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : धडा सहा. पुढील सर्व आकडे निव्वळ. खाली सही होती. अट कळायच्या सोळा दिवस आधीची. म्हाताऱ्या सभासदाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, यांना नवी वही द्या, बरणीसकट लिहायला सांगा. नव्या वहीची सरासरी सात पूर्णांक नऊ आली.

पण ते पुढचं. त्या तपासणीच्या दिवशी बायको रिक्षात फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा लावत राहिली. घरी आल्यावर तिने त्यांना पलंगावर घ्यायला मदत केली, आणि मग दारापर्यंत जाऊन तिथेच उभी राहिली.

"मला पण निव्वळच सांगत होतात?"

"सगळ्यांना एकच माप," काटेवाले म्हणाले.

"मी सगळ्यांतली एक का?"

काटेवाले चादरीची कड सारखी करत राहिले.

"दोन म्हणायचात आणि वर ओरडायचात," ती म्हणाली. "मी बसले की ओरडायचात. मला वाटायचं, दुखणं तर दोनच आहे, म्हणजे मीच नकोशी झालेय. लेकीच्या लग्नातून अर्ध्यात निघून आलात, तिने विचारलं तर दोनच सांगितलंत. ती सासरी गेली तीच रुसून. गेली दोन वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत मी पडल्या पडल्या विचार करते की माझं चुकलं काय. आणि तुम्ही आठात जळत होतात."

"तुला काळजी नको म्हणून नाही हं," काटेवाले म्हणाले, कारण खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. "तसं काही मनात नव्हतं. मला खरंच वाटलं, असंच सांगायचं असतं."

"ते तर जास्तच वाईट आहे," बायको म्हणाली आणि रडली. चांगली पाच-दहा मिनिटं, उभ्या उभ्या, पदराने डोळे पुसत. काटेवाल्यांनाही रडू आलं. चार वर्षांत आपण घरात काय करून ठेवलं हे त्यांना त्या वेळी लख्ख दिसलं, आणि आपल्याला ती तिथे दारात नको, इथे हवी, हे सांगायला तोंड उघडलं तर बाहेर आलं, "चहा टाकतेस का?" तिने टाकला.

पुढे यथावकाश हाडातून मगज काढला. त्या दिवशी काटेवाल्यांनी वहीत नऊ लिहिलं. पेशी वाढल्या, मग पाठीतून सोडल्या. मेहुणा इस्पितळात आला होता. पेशी भाऊजींच्याच आहेत, बाहेरून काही घातलेलं नाही, हे कळल्यावर त्याचा उत्साह थोडा मावळला. घरचाच माल घरात ठेवला, त्यात एवढं काय, असं त्याचं मत पडलं. त्यानंतर आठवडाभर काटेवाल्यांचं डोकं ठणकलं. महिनाभर दुसरं काही झालं नाही. रोज बायको विचारायची, ते बरणीसकट सांगायचे. "आठ." "आठ." "साडेसात." "आठ."

आणि इथे एक वेगळंच होऊन बसलं. आधी ती रागाने लांब राहायची, आता भीतीने राहायला लागली. आठ हा आकडा ऐकला की ती दारातच थबकायची. चादर बदलायची तर श्वास रोखून, चिमटीत धरून. चहाचा कप हात लांब करून द्यायची आणि लगेच दोन पावलं मागे. गादी बाहेरच्या खोलीतच राहिली. काटेवाल्यांना वाटलं, निव्वळ सांगायचो तेव्हा निदान पहिल्या वर्षी तरी ती येऊन टेकायचं धाडस करायची. खऱ्या आकड्याने तर तिला पार भिंतीला नेऊन लावलं. एकदा त्यांना पुन्हा दोन सांगून बघायचा मोह झाला. ओठांवर आलं होतं. पण तिने चप्पल काढून पुन्हा विचारलं, "किती?" आणि ते म्हणाले, "पावणेआठ."

तिसऱ्या महिन्यात सरासरी सातावर आली. सहाव्या महिन्यात सहा पूर्णांक तीन. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. म्हणाल्या, वीस टक्के उतरलंय, पण हे पेशींनी उतरवलं, आशेने उतरवलं की आपोआप उतरलं, ते बारा जणांत सांगता येत नाही. दोघांचं तुमच्यापेक्षा जास्त उतरलं, पाच जणांचं जराही नाही. काटेवाले म्हणाले, बरोबर आहे, शिक्का मारू नका अजून. मग म्हणाले, "पण बाई, बरणी हलकी झालीय. आग सहा होती ती साडेचार आहे. वरचं तेवढंच आहे." बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. मेहुण्याने गावभर सांगितलं की भाऊजी शंभर टक्के बरे झाले, आणि दोन यंत्रं विकली.

त्याच आठवड्यात एका सुट्टीच्या दुपारी बायको चहा घेऊन आली. नेहमीसारखा हात लांब केला. काटेवाल्यांनी कप घेतला नाही.

"बस," ते म्हणाले.

ती खुर्चीकडे वळली.

"तिथे नाही. इथे."

"वेडे आहात का? किती आहे आत्ता?"

"सहा."

"सहा आहे आणि मी बसू?"

"बस म्हणतोय ना."

तिने कप खिडकीत ठेवला. पलंगाच्या अगदी काठावर, अर्धी बसली अर्धी उभी, अशी टेकली. गादी खचली. काटेवाल्यांच्या कपाळावर घाम उभा राहिला, हातांनी चादर धरली. ओरडा घशापर्यंत आला होता, तो त्यांनी तिथेच थोपवला.

"किती झालं?" तिने विचारलं.

"सात."

ती झटकन उठायला लागली. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"सातात बसता येतं," ते म्हणाले. "न झेपलं तर मी सांगेन."

"खरं सांगाल?"

"बरणीसकट सांगेन. तू उठू नकोस. चार वर्षं मला हेच हवं होतं, मला बोलता येत नव्हतं."

ती पुन्हा टेकली, या खेपेला नीट. कारखान्यात नवीन मशीन आलंय, त्याचा धागा सारखा तुटतो, मुकादम उगाच बायकांवर डाफरतो, असं काहीबाही सांगायला लागली. काटेवाले ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साडेसात." ती बोलता बोलता जराशी कडेला सरकली, गादी थोडी वर आली, आणि मग मुकादम पुढे काय म्हणाला ते तिने सांगितलं.